कोपरा, कव्हर, हाफ, स्टॉपर : मैदानावरच्या जागांची इंग्रजी नावं पोरांना कशी शिकवायची?

खानापूरकर_मास्तर

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी शिकवतो आणि शाळा सुटल्यावर पोरांची कबड्डी घेतो. गेल्या महिन्यात आमची चार पोरं एका निवड चाचणीला गेली. कुठल्या ते सांगत नाही. तिथं एक इंग्रजी फॉर्म भरायचा होता. त्यात 'पोझिशन' असा रकाना. माझा उजवा कोपरा सांभाळणारा पोरगा, घोट्याला हात घातला की चढाईवाला जागचा हलत नाही असा, त्यानं त्या रकान्यात 'थर्ड' लिहिलं. कारण शाळेत पोझिशन म्हणजे नंबर, आणि वर्गात त्याचा नंबर तिसरा.

टेबलावरच्या माणसानं त्याला काही विचारलं नाही. पोरांच्या तुकड्या पाडताना याला चढाईवाल्यांत घातलं. दोन चढाया केल्या, दोन्ही वेळा बाद झाला, बाहेर बसला. त्याची पकड कुणी बघितलीच नाही. परतीच्या बसमध्ये त्यानं मला विचारलं, "सर, कोपऱ्याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं होतं?" कॉर्नर हा शब्द त्याला येतो हो. चहाच्या गाडीवरसुद्धा लिहिलेला असतो. पण मैदानावर आपण जिथं उभं राहतो त्या जागेचं तेच नाव आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तेव्हापासून बसून वहीत लिहितोय. शब्दांची यादी पाठ करून घेतली तर ती आठवडाभर टिकते, हे शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे. शब्दाचा अर्थ उघडून दाखवला की तो राहतो. आणि ही नावं उघडून बघितली तर बहुतेक अगदी साधी निघतात : कुठं उभा आहेस आणि काय करतोस, एवढंच.

कबड्डीपासून सुरू करतो. सात गडी, हात धरून उभे, तोंड मध्यरेषेकडे. आपल्या डावीकडून मोजा : लेफ्ट कॉर्नर, लेफ्ट इन, लेफ्ट कव्हर, सेंटर, राइट कव्हर, राइट इन, राइट कॉर्नर. कॉर्नर म्हणजे कोपरारक्षक. कव्हर म्हणजे आपण बातमीत वाचतो तो मध्यरक्षक. कोपऱ्यानं पाय धरला की बाजूनं येऊन चढाईवाल्याची वाट झाकतो, म्हणून कव्हर. इन म्हणजे कोपऱ्याला लागून आतल्या अंगाला. रेडर म्हणजे चढाई करणारा, टॅकल म्हणजे पकड, आणि तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेली पकड ती सुपर टॅकल, आपली अव्वल पकड.

बाकी खेळांचं मला तुकड्यातुकड्यानंच येतं. फुटबॉल, व्हॉलीबॉल, खो-खो, क्रिकेट, ज्यांना जे येतं त्यांनी लिहावं. पोरांसाठी एक तक्ता करायचा आहे.

कॅम्पातला_स्टॉपर

मास्तर, वाचून वाईट वाटलं. पोरगं बाहेर बसलं ते खेळामुळं नव्हे, एका शब्दामुळं.

फुटबॉलचं मी लिहितो. पंधरा वर्षं बेळगावच्या कॅम्पात आणि लेले मैदानावर खेळलो. आधी फुल बॅक आणि हाफ बॅक घ्या. पोरांना वाटतं फुल म्हणजे पूर्ण ताकदीचा आणि हाफ म्हणजे अर्धवट. तसं काही नाही. बॅक म्हणजे मागं. पूर्ण मागं उभा तो फुल बॅक, निम्म्या मागं उभा तो हाफ बॅक. रग्बीत या दोघांच्या मध्ये थ्री-क्वार्टर असतो, म्हणजे पाऊण मागं. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे पाव मागं. आमच्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ म्हणायची. त्यांना हे एका दमात कळलं असतं. पोरांना असंच शिकवा : पाव, निम्मा, पाऊण, पूर्ण.

आता सेंटर हाफ. यात सगळे अडकतात. नाव हाफ, उभा मात्र पार मागं, दोन बॅकच्या मधे. असं का? जुनी रचना दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड अशी होती. सेंटर हाफ खरोखर मैदानाच्या मधे असायचा. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर पुढं असलेल्या फॉरवर्डच्या आणि गोलच्या मधे विरोधी संघाचे तीन गडी लागायचे, ते दोनवर आले. फॉरवर्ड मोकळे सुटले, गोल भराभर पडायला लागले. मग संघांनी सेंटर हाफला मागं ओढून दोन बॅकच्या मधे उभं केलं. जागा बदलली, नाव तेच राहिलं. त्या मागं आलेल्या गड्याला स्टॉपर म्हणायला लागले, अडवणारा. टीव्हीवर आता सेंटर बॅक म्हणतात, पण आमच्याकडं आणि कोल्हापुरात अजून स्टॉपरच. तो शब्द जुना असला तरी चुकीचा नाही, हे पोरांना सांगा. फॉर्मवर सेंटर बॅक लिहायचं, मैदानात स्टॉपर म्हणून हाक मारायची.

नंबरांचंही तसंच. १ गोली, २ आणि ३ बॅक, ४-५-६ हाफ, ७ ते ११ फॉरवर्ड, हे त्या जुन्या रचनेतून आलं. म्हणून ९ नंबर म्हटलं की सेंटर फॉरवर्ड, ७ आणि ११ म्हणजे दोन्ही कडांचे विंगर. विंग म्हणजे पंख. हे तर चित्र काढूनच दाखवा.

आणि एक मनापासून. आपल्या गावांत ज्याला पळता येत नाही त्याला गोलात उभं करतात. पोरगं तिथंच खचतं. त्याला शंकर लक्ष्मण यांचं सांगा. हॉकीचे गोलरक्षक, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे जिचं केंद्र आपल्या बेळगावात आहे तीच पलटण. १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिक खेळले, दोन सुवर्ण आणि एक रौप्य. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत भारताचे कप्तान तेच. टोकियोच्या १९६४ च्या त्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटीलही होते.

माझी_मराठी

मास्तरांची तळमळ पोचली. तरी माझं मत वेगळं आहे. आपण सीमाभागात एवढी वर्षं मराठी पाटीसाठी, मराठी कागदपत्रासाठी भांडतोय, आणि खेळाच्या मैदानावर आपणच इंग्रजीचा तक्ता लावायचा? चढाईपटू, कोपरारक्षक, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षक, सलामीवीर, अष्टपैलू. किती देखणे शब्द आहेत. ऑल राउंडर म्हणजे सगळीकडून गोल, एवढंच. अष्टपैलू म्हटलं की आठ पैलू पाडलेला हिरा डोळ्यासमोर येतो. आपले शब्द पोरांच्या तोंडात ठेवा. फॉर्म मराठीत मिळावा यासाठी अर्ज करू, सही मी पहिली करतो.

शिट्टी

मी कबड्डीचा पंच म्हणून फिरतो. इकडं हुक्केरी, चिकोडी, अथणी, तिकडं गडहिंग्लज, चंदगड. @माझी_मराठी, अर्जावर माझीही सही घ्या. पण मॅटवर उभ्या असलेल्या पोराला अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही.

रोज दिसणारी गोष्ट सांगतो. संघाचा प्रशिक्षक मराठी, पंच कन्नड बोलणारा, गुणपत्रक इंग्रजी. बाहेरून कुणी ओरडतो "राइट! राइट!" आणि निम्मी पोरं भलतीकडं बघतात. कारण राइट कुणाचा? हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नसतो. कबड्डीत डावा-उजवा ठरतो तो बचाव करणाऱ्यांच्या बाजूनं, मध्यरेषेकडं तोंड करून. म्हणजे चढाईवाल्याला राइट कॉर्नर त्याच्या डाव्या हाताला दिसतो. आमचा नवा चढाईवाला "डाव्या कोपऱ्याला मार" ऐकून नेमका उलट्या कोपऱ्यात जातो आणि सापडतो.

मास्तर, तक्त्यात प्रत्येक खेळापुढं पहिल्यांदा हे लिहा : तोंड कुठं करून डावं-उजवं मोजायचं.

निपाणीकर

शिट्टीदादा, बरोबर बोललात. व्हॉलीबॉलमध्येही पोरांना हेच अवघड जातं. नेटकडं तोंड करायचं. मागचा उजवा कोपरा म्हणजे १ नंबर, तिथून सर्व्हिस. मग पुढं उजवीकडं २, पुढं मधे ३, पुढं डावीकडं ४, मागं डावीकडं ५, मागं मधे ६. नंबर घड्याळाच्या उलटे चढत जातात आणि गडी मात्र घड्याळाप्रमाणं फिरतात. चुन्यानं आकडे घालून पोरांना त्यावरनं चालवलं की दहा मिनिटांत कळतं. वहीत काढून दाखवलं तर महिना जातो.

नावांचं म्हणाल तर आमच्याकडं अजून लिफ्टर आणि शूटर चालतं. चेंडू उचलून देतो तो लिफ्टर, मारतो तो शूटर. टीव्हीवर लिफ्टरला सेटर म्हणतात. चेंडू बसवून देतो, मांडून देतो तो सेटर. कडेनं मारणारा आउटसाइड हिटर. सेटरच्या समोरच्या जागेवरून फिरणारा ऑपोझिट. नेटजवळ मधे भिंत घालणारा मिडल ब्लॉकर. आणि वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला लिबेरो. हा शब्द इंग्रजी नव्हेच, इटालियन आहे. अर्थ मोकळा. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये आला. पंचाला विचारल्याशिवाय मागच्या रांगेत आतबाहेर करता येतं, म्हणून मोकळा. पण नेटच्या वरनं मारायचा नाही. उंची कमी असलेल्या पोरांना या जागेनं जीव दिला. आमच्यातलं एक साडेपाच फुटाचं पोरगं आज जिल्ह्याला खेळतंय ते लिबेरो म्हणूनच.

कॅम्पातला_स्टॉपर

@निपाणीकर लिबेरो फुटबॉलमध्येही आहे. बचावाच्या पाठीमागं मोकळा फिरणारा, सुटलेला चेंडू झाडून काढणारा. इंग्रजीत त्यालाच स्वीपर म्हणतात, झाडणारा. इटलीतल्या ज्या बचावात तो असायचा त्याचं नाव कातेनाच्चो, म्हणजे दाराचा अडसर. सगळी दारं लावली आणि वर अडसर घातला! जर्मनीच्या बेकेनबाउरनं मात्र त्याच जागेवरून चेंडू घेऊन पुढं जायला सुरुवात केली आणि १९७४ चा विश्वचषक कप्तान म्हणून जिंकला. जागेचं नाव तेच, काम मात्र निराळं.

येळ्ळूरची_अक्का

मी खो-खो खेळलेली. आता मुलींना शिकवते. आमच्या खेळाकडं बघून घ्या, कारण इथं वाट उलटी आहे. आठजणी बसलेल्या, एक पळणारी. तिला इंग्रजीत ॲक्टिव्ह चेसर, बसलेल्यांना अटॅकर किंवा चेसर, आणि आत आलेल्या तिघींच्या तुकडीला डिफेंडर. आपल्याकडं आक्रमक आणि संरक्षक. पण खो हा शब्द इंग्रजीत खो असाच आहे, त्याला दुसरं नाव कुणी शोधलं नाही. आणि २०२२ ला अल्टिमेट खो-खो ही लीग सुरू झाली तेव्हा एका पाठलाग करणाऱ्याला कुठल्याही दिशेनं पळायची मुभा दिली, त्या जागेचं नाव ठेवलं वझीर. बुद्धिबळाच्या पटावरनं उचललेला आपला शब्द. परदेशी खेळाडूसुद्धा वझीरच म्हणतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर.

@माझी_मराठी दादा, तुम्ही म्हणता ते मला मनापासून पटतं, आणि एक तुमच्या बाजूचं सांगते. इंग्रजी नावांत 'मॅन' फार. बॅट्समन, थर्ड मॅन, ट्वेल्फ्थ मॅन, लाइन्समन. माझ्या मुली विचारतात, "अक्का, आम्ही पण मॅन?" फुटबॉलनं १९९६ ला लाइन्समनचं असिस्टंट रेफरी केलं. क्रिकेटच्या कायद्यांत २०२१ ला बॅट्समनचं बॅटर झालं. आपला फलंदाज, गोलरक्षक, चढाईपटू हे शब्द मुलीला लावताना काही बदलावं लागत नाही. हे मुलींना सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे बघायला हवे होते.

तरी मी त्यांना दोन्ही शिकवते. बाहेरगावी जातील, नोकरीला खेळाडूंच्या कोट्यातनं अर्ज करतील, तिथं मी नसणार.

अथणीचा_अण्णा

घरात मराठी, शाळा कन्नड, अशी आमची गत. एक सुचवतो. तक्ता दोन रकान्यांचा करू नका, तीन रकान्यांचा करा. आमच्या भागात मराठी आणि कन्नड पोरं एकाच संघात खेळतात, आणि हाका मिसळूनच जातात. डावीकडं म्हणजे एडक्क, उजवीकडं बलक्क, कोपरा म्हणजे मूले, धर म्हणजे हिडी, मागं हिंदे, पुढं मुंदे, चढाई म्हणजे दाळी. "बलक्क मूले, हिडी!" असं ओरडलं की येळ्ळूरचं पोरगंही कळून हात घालतं आणि रायबागचंही. मग त्याच्याशेजारी राइट कॉर्नर लिहिलं की तिसरा शब्द आपोआप चिकटतो.

कप्तानाचंही बघा. कन्नडमध्ये नायक. इंग्रजीतला कॅप्टन हा लॅटिनमधल्या डोकं या अर्थाच्या शब्दावरनं आला. पण त्यांचा दुसरा शब्द स्किपर, तो डच भाषेतनं आला आणि अर्थ जहाज चालवणारा. आता आपला कर्णधार काढा. कर्ण म्हणजे सुकाणू, ते धरणारा. म्हणजे स्किपर आणि कर्णधार दोघंही जहाजावरच उभे! समुद्र इथनं किती लांब, तरी दोन्ही शब्द आमच्या मैदानावर येऊन भेटले.

माझी_मराठी

अण्णा, कर्णधार-स्किपर हे मला नवीन. धन्यवाद. अक्का, तुमच्या मुलींचं वाचून थोडं थांबलो. माझा विरोध पोरांना इंग्रजी येण्याला नाही, मराठी शब्द मागं पडण्याला आहे. तक्त्यात मराठी शब्द पहिल्या रकान्यात येणार असेल तर क्रिकेटचं मी लिहून देतो. लहानपणी रेडिओवर मराठी समालोचन ऐकत वाढलोय.

सगळ्या जागा लिहीत बसत नाही, शब्द जुळवायची रीत सांगतो. क्रिकेटची नावं जोडून बनतात. पहिला शब्द किती लांब ते सांगतो : सिली म्हणजे वेडं धाडस वाटावं इतका जवळ, शॉर्ट म्हणजे जवळ, मिड म्हणजे मधला, डीप आणि लाँग म्हणजे सीमारेषेकडं. दुसरा शब्द दिशा सांगतो : ऑफ, ऑन किंवा लेग, पॉइंट, कव्हर. सिली पॉइंट आणि डीप पॉइंट एकाच दिशेला, अंतर तेवढं वेगळं. पोराला सात-आठ तुकडे दिले की वीस जागा तोच जुळवतो. आणि शिट्टीदादांचा प्रश्न इथं सगळ्यांत जास्त लागतो. फलंदाज डावखुरा आला की ऑफ आणि लेग बाजू पालटतात, सगळं मैदान उठून पलीकडं जातं.

गली या जागेबद्दल खास. पोरांना वाटतं ही आपली गणपत गल्ली, चव्हाट गल्लीतली गल्ली. इंग्रजी गली म्हणजे पाण्यानं कोरलेली अरुंद घळ. आपली गल्ली वेगळ्या मुळाची. पण स्लिप आणि पॉइंटच्या मधल्या बोळात उभा असतो तो, त्यामुळं गल्ली समजून लक्षात ठेवलं तरी पोरगं बरोबर जागी जाऊन उभं राहतं. मी अडवणार नाही.

शिट्टी

पंच शब्दाचं राहिलं. पंच म्हणजे पाच, गावातले पाच. अंपायरचा मूळ अर्थ मात्र जोडीत नसलेला, दोघांच्या बरोबरीच्या बाहेरचा तिसरा. जुनं रूप 'अ नंपायर' असं होतं, बोलताना पुढच्या शब्दातला न मागच्या 'अ'ला चिकटला आणि 'अन अंपायर' झालं. आणि रेफरी म्हणजे ज्याच्याकडं वाद नेऊन सोपवायचा तो.

खानापूरकर_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर चुना घातला. आधी कबड्डीचं, बाजूला निपाणीकरांचं सहा आकड्यांचं व्हॉलीबॉल. प्रत्येक जागेवर एक पोरगं उभं केलं. त्यानं आपली जागा तीन भाषांत सांगायची, मग आपलं काम सांगायचं, मग पुढच्या जागेवर जायचं. कन्नड शब्द सांगायला शेजारच्या वाडीतली दोन पोरं आली होती, तीच मास्तर झाली. मराठी रकाना पहिला ठेवलाय, @माझी_मराठी. पाव, निम्मा, पाऊण, पूर्ण हे तर पोरं आता जेवणाच्या रांगेतसुद्धा म्हणायला लागलीत.

त्या उजव्या कोपऱ्यावाल्या पोरानं लहानांना शिकवायचं अंगावर घेतलं. एका पाचवीतल्या पोरीनं त्याला विचारलं, "दादा, उजवा म्हणजे तुझा की त्याचा?" यानं तिचे दोन्ही खांदे धरून तिला मध्यरेषेकडं वळवलं आणि म्हणाला, "आता सांग." तिनं उजवा हात वर केला.

मग कोऱ्या कागदावर मी तोच फॉर्म आखून सगळ्यांना भरायला दिला. पोझिशनच्या रकान्यात त्यानं राइट कॉर्नर लिहिलं. थोडा वेळ पेन धरून बसला आणि विचारलं, "सर, लेफ्टला पण खेळतो की मी. ते लिहायचं का?" मी म्हटलं, लिही. पुढची चाचणी डिसेंबरात आहे.

हॉकीचं राहिलंय, ते कॅम्पातल्या दादांनी लिहावं. आणि अण्णा, कव्हरला कन्नडमध्ये पोरं काय म्हणतात ते तुमच्या अथणीच्या मैदानावर विचारून सांगा. तो एक चौकोन अजून रिकामा आहे.